यादींतील क्रम आणि पुनरुक्ति

घरांत लग्नकार्य निघालें कीं निमंत्रणांच्या याद्या होऊं लागतात. एक यादी वधूच्या वडिलांची, एक मामांची, एक शेजारच्या काकूंनीं आठवून आठवून सांगितलेली. कोणी कचेरींतील मंडळींची वेगळीच यादी करून आणतो. मग एके दिवशीं दुपारीं या सगळ्या याद्या एकत्र करून त्यांतील दुबार नांवें गाळावयाचें काम घरांतील एखाद्या हुशार मुलावर सोंपविलें जातें. एकाच घरीं दोन पत्रिका गेल्या तर फारसें बिघडत नाहीं. लोक हंसून सोडून देतात. परंतु यादींत ‘ग. वि. जोशी’ दोन आहेत, एक दादरचे व एक पुण्याचे, आणि ‘हें नांव दोनदां आलें’ म्हणून मुलानें त्यांतील एक खोडलें, तर त्या रुसव्याचें निवारण दहा वर्षें होत नाहीं.

या घरगुती कामांत दोन निराळ्या क्रिया आहेत. यादी क्रमानें लावणें ही एक, आणि तींतील पुनरुक्ति काढून टाकणें ही दुसरी. संगणकाकडून जीं कामें करून घेतलीं जातात त्यांत यांच्याइतकीं जुनीं व नित्याचीं कामें थोडींच असतील. आज ऑक, पर्ल, पायथन यांसारख्या स्क्रिप्ट-भाषांत हीं दोन्ही कामें एकेका ओळींत होतात. स्क्रिप्ट-भाषा म्हणजे काय, हें नाटक पाहणारांस समजावून सांगणें कठीण नाहीं. सूत्रधार जसा स्वतः फारशी भूमिका न करतां नटनटींना रंगभूमीवर बोलावतो, तशी ही भाषा संगणकांतील तयार साधनांना एकामागून एक हांक मारते. ती एक ओळ लिहिणारास वाटतें कीं यांत मोठेंसें काय आहे! पण त्या ओळीमागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यांत पैज आहे, थट्टा आहे, चुका आहेत, आणि मताधिकारासारख्या गंभीर गोष्टीला लागलेला धक्काहि आहे.

यादी अकारविल्हे लावावी ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं ती कधींकाळीं नवी असेल असें वाटतच नाहीं. परंतु अमरकोश अकारविल्हे नाहीं. तो स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग अशा वर्गांनीं रचलेला आहे, कारण तो मुखोद्गत करावयाचा ग्रंथ होता. पानें उलटून त्यांत शब्द शोधावा अशी अपेक्षा नव्हती. युरोपांत इ. स. १२८६ मध्यें जिनोआच्या जोहान्नेस बाल्बुस या धर्मगुरूनें ‘कॅथोलिकॉन’ हा लॅटिन कोश पुरा केला, तेव्हां अक्षरक्रम म्हणजे काय हें त्याला उदाहरणें देऊन समजावून सांगावें लागलें. जें पाठ असतें त्याला क्रम कोणताहि चालतो. जें शोधावयाचें असतें त्याला ठरलेलाच क्रम लागतो.

यंत्राच्या हातीं हें काम मोठ्या प्रमाणावर प्रथम गेलें तें अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारींत. १८८० च्या खानेसुमारीचे आकडे जुळवितां जुळवितां सात-आठ वर्षें गेलीं होतीं, आणि लोकसंख्या तर आतां सहा कोटींच्या पुढें गेली होती. हर्मन हॉलेरिथ या अभियंत्यानें प्रत्येक माणसामागें एक पुठ्ठ्याचें कार्ड केलें व माहिती त्यावर भोंकें पाडून नोंदली. भोंकांतून विजेचा प्रवाह गेला कीं मोजणीचा कांटा पुढें सरके आणि वर्गवारीच्या पेटींतील योग्य त्या खणाचें झांकण उघडे. पुढें कार्डें आपोआप वांटणारीं यंत्रें आलीं. त्यांना तेरा खण असत, भोंकांच्या बारा जागांचे बारा आणि न जुळणाऱ्या कार्डांचा एक.

या यंत्रांची एक युक्ति सांगण्यासारखी आहे, कारण ती प्रथमदर्शनीं उलटी वाटते. तीन अंकी क्रमांकांचीं कार्डें लावावयाचीं असलीं तर कोणीहि शहाणा मनुष्य आधीं शतकाचा अंक पाहील. यंत्र चालविणारे मात्र एककापासून आरंभ करीत. एककाच्या अंकाप्रमाणें कार्डें वांटावयाचीं, गठ्ठे त्याच क्रमानें एकावर एक रचावयाचे, मग दशकाप्रमाणें वांटावयाचीं, शेवटीं शतकाप्रमाणें. तिसऱ्या फेरीअखेर सबंध गठ्ठा क्रमानें लागलेला असे. हें साधतें याचें कारण असें कीं एका खणांत पडणारीं कार्डें आपसांतील आधींचा क्रम सोडीत नाहींत. या गुणाला पुढें ‘स्थिरता’ असें नांव मिळालें, आणि शंभर वर्षांनंतर त्याला पुन्हां मोठा मान आला.

१९४५ सालीं जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें एडव्हॅक नांवाच्या नियोजित यंत्रासाठीं एक आज्ञावली लिहिली. हें यंत्र मोठमोठीं गणितें करण्यासाठीं व्हावयाचें होतें. पण आज्ञावली गणिताची नव्हती, क्रम लावण्याची होती. आंकडेमोडीखेरीज इतर व्यवहारांतहि हें यंत्र चालेल कीं नाहीं, याची परीक्षा त्याला पाहावयाची होती. त्याची रीत ‘विलीनीकरणा’ची होती. क्रमानें लावलेले दोन गठ्ठे समोर ठेवावे, दोहोंच्या माथ्यावरील कार्डांपैकीं लहान तें उचलावें, आणि असें करीत करीत दोहोंचा एक गठ्ठा करावा. पुढें १९५१ मध्यें फ्रान्सिस एलिझाबेथ होल्बर्टन या बाईंनीं युनिव्हॅक यंत्रासाठीं अशी आज्ञावली तयार केली कीं तिला यादीचें स्वरूप सांगितलें असतां ती क्रम लावणारी दुसरी आज्ञावली स्वतःच लिहून देई. एनिअ‍ॅक यंत्रावर प्रथम काम करणाऱ्या सहा स्त्रियांपैकीं त्या एक. त्या सहाजणींचीं नांवें पुढें कित्येक वर्षें कोणी घेत नसे, हें येथें नमूद करावयास हवें.

क्रम लावण्याच्या रीतींत सर्वांत प्रसिद्ध झालेली रीत एका भाषांतराच्या खटपटींतून निघाली. टोनी होअर हा इंग्रज तरुण १९५९-६० च्या सुमारास मॉस्कोच्या विद्यापीठांत शिकत होता व यंत्राकडून रशियन वाक्यांचें इंग्रजी करवून घेण्याच्या विचारांत होता. शब्दकोश लांबलचक चुंबकीय फितीवर अकारविल्हे उतरलेला असावयाचा. वाक्यांतील शब्द येतील तसे शोधावयाचे म्हटलें तर फीत सारखी पुढें-मागें फिरवावी लागणार. तेच शब्द आधीं क्रमानें लावले तर एकाच फेरींत सारे सांपडणार. म्हणून शब्द भराभर लावण्याची रीत त्यानें शोधली. यादींतील एक शब्द मध्यस्थ म्हणून धरावा, त्याच्या अलीकडचे सारे एका बाजूस व पलीकडचे दुसऱ्या बाजूस करावे, आणि मग प्रत्येक बाजूस हाच न्याय पुन्हां लावावा. इंग्लंडांत परतल्यावर एलियट ब्रदर्स या मंडळींकडे नोकरींत असतां त्याला दुसरीच एक रीत यंत्रांत बसविण्यास सांगण्यांत आलें. तें काम करून त्यानें वरिष्ठांना सांगितलें कीं, हिच्याहून जलद रीत मला ठाऊक आहे. वरिष्ठांनीं सहा पेन्सांची पैज लावली, व ती ते हरले. ‘क्विकसॉर्ट’ ही ती रीत १९६१ सालीं प्रसिद्ध झाली.

आतां पुनरुक्तीकडे वळूं. एक हजार नांवांच्या यादींतून दुबार नांवें काढावयाचीं आहेत. भोळी रीत अशी कीं प्रत्येक नांव उरलेल्या प्रत्येक नांवाशीं ताडून पाहावें. त्याला ४,९९,५०० तुलना लागतात. तीच यादी आधीं क्रमानें लावली तर सुमारें दहा हजार तुलनांत ती लागते, आणि एकदां लागली कीं सारखीं नांवें शेजारीं शेजारीं येऊन बसतात. मग ९९९ वेळां केवळ शेजाऱ्याकडे पाहिलें म्हणजे झालें. क्रमाचा आणि पुनरुक्तीचा संबंध हा असा आहे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७० च्या आगेंमागें केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ ही संगणकव्यवस्था उभी केली, तींत हाच विचार अत्यंत काटकसरीनें उतरला. १९७१ मध्यें तींत ‘सॉर्ट’ ही आज्ञा होती. १९७३ मध्यें ‘युनिक’ आली. युनिक ही फार अल्पसंतुष्ट आज्ञा आहे. ती फक्त एकामागोमाग आलेल्या सारख्या ओळींतील एक ठेवते व बाकीच्या गाळते. तेंच नांव दहा ओळी सोडून पुन्हां आलें तर तिला त्याची ओळख राहत नाहीं. नवशिके येथें हटकून फसतात व यंत्राला दोष देतात. परंतु हा दोष नसून कामाची वांटणी आहे. सारख्यांना शेजारीं बसविणें हें सॉर्टचें काम, शेजाऱ्यांतून एक निवडणें हें युनिकचें. या दोघींची गांठ घालण्याची सोयहि १९७३ सालचीच. एका आज्ञेचें उत्पन्न थेट दुसरीच्या हातीं सोंपविणारी ‘पाइप’, म्हणजे नळी, ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनीं कित्येक वर्षें उराशीं बाळगली होती. टॉम्पसन यांनीं ती एका रात्रींत यंत्रांत बसविली असें सांगतात. १९७५ मध्यें स्टीव्ह जॉन्सन यांनीं शुद्धलेखन तपासण्याचें एक साधन एका दुपारींत रचलें, तें याच जोरावर. लेखांतील शब्द सुटे करावे, क्रमानें लावावे, दुबार गाळावे, आणि कोशांतील यादीशीं ताडून जे उरतील ते दाखवावे, एवढेंच त्याचें रहस्य!

या नळ्यांची सर्वांत गाजलेली कथा १९८६ ची आहे. जॉन बेंटली हे अमेरिकेंतील संगणकशास्त्राच्या एका प्रमुख मासिकांत आज्ञावलींच्या कलेविषयीं सदर लिहीत. त्यांनीं डोनाल्ड क्नुथ यांच्यापुढें एक प्रश्न ठेवला. मजकूर दिला असतां त्यांत अधिकांत अधिक वेळां आलेले अमुक इतके शब्द त्यांच्या संख्येसह उतरत्या क्रमानें छापावे. क्नुथ म्हणजे या शास्त्राचे मोठे आचार्य. क्रम लावणें व शोधणें या विषयावर त्यांचा सबंध ग्रंथच आहे. आज्ञावली ही निबंधासारखी, माणसानें वाचावी म्हणून लिहावी, असा त्यांचा आग्रह होता, व त्या लेखनपद्धतीचें उदाहरण दाखवावें अशीच बेंटलींची विनंति होती. क्नुथ यांनीं शब्द सांठविण्यासाठीं एक अत्यंत कुशल रचना योजून कित्येक पानांची आज्ञावली लिहिली. तिचें परीक्षण करण्यास बोलाविले मॅकिलरॉय. त्यांनीं तिची मनापासून प्रशंसा केली, रशियाच्या झारांसाठीं फाबर्जेनें घडविलेल्या रत्नजडित अंड्याची उपमा तिला दिली, आणि मग तेंच काम सहा आज्ञांच्या एका मालिकेंत करून दाखविलें. शब्द ओळीओळीनें सुटे करा, मोठीं अक्षरें लहान करा, सॉर्ट, युनिकनें दुबार गाळतां गाळतां त्यांची संख्या मोजा, संख्येप्रमाणें पुन्हां सॉर्ट, आणि वरच्या हव्या तितक्या ओळी ठेवा.

ही कथा पुढें सांगणारांनीं ‘आचार्य हरले’ असा तिचा शेवट करून टाकला आहे. हें न्याय्य नाहीं. क्नुथ यांना सुंदर लिहून दाखवावयास सांगितलें होतें, थोडक्यांत लिहावयास नव्हे. शिवाय मॅकिलरॉय यांच्या मालिकेंत ‘आणि’ हा शब्द लाख वेळां आला असेल तर लाखहि ‘आणि’ क्रमानें लावले जातात व मग त्यांतून एक उरतो. क्नुथ यांच्या रचनेंत तो शब्द एकदांच सांठविला जाऊन त्याची केवळ संख्या वाढते. पण त्या सहा आज्ञा वाचणाऱ्या कोणासहि पांच मिनिटांत समजतात आणि त्यांच्यांत चूक लपूं शकत नाहीं, हा मॅकिलरॉय यांचा मुद्दा आजवर कोणी खोडलेला नाहीं.

क्नुथ यांच्या रीतीचें बीज, म्हणजे क्रम न लावतांच पुनरुक्ति ओळखणें, तेंहि जुनेंच. १९५३ च्या जानेवारींत आयबीएम कंपनींतील हान्स पीटर लून यांनीं एका अंतर्गत टिपणांत तें मांडलें होतें. त्याची कल्पना टपालकचेरींतील खणांवरून येईल. समजा शंभर खण आहेत. आलेल्या नांवाच्या प्रत्येक अक्षराला एक आंकडा द्यावा, त्यांची बेरीज करावी, तिला शंभरानें भागावें, व बाकी येईल त्या क्रमांकाच्या खणांत तें नांव टाकावें. तेंच नांव पुन्हां आलें कीं गणित त्याच खणाकडे नेणार. तेथें तें आधींच दिसलें म्हणजे तें दुबार. बाकीचे नव्याण्णव खण पाहावे लागत नाहींत. या रीतीस ‘हॅशिंग’ म्हणतात.

ही सोय सामान्य लेखकाच्या हातांत आली ती स्क्रिप्ट-भाषांमुळें. १९७७ मध्यें अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निहन यांनीं ‘ऑक’ ही भाषा बेल प्रयोगशाळेंतच केली. तिचें नांव तिघांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांचें. तींत कोणत्याहि शब्दाला कोष्टकाचा पत्ता म्हणून वापरतां येतें. त्यामुळें ‘पाहिलेलें’ अशा नांवाचें एक कोष्टक ठेवावें आणि जी ओळ त्यांत नसेल तीच छापावी, हें अर्ध्या ओळींत लिहितां येऊं लागलें. १९८७ च्या डिसेंबरांत लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ भाषा आली व तिनें हें कोष्टक घरोघरीं नेलें. येथें पुनरुक्ति जाते आणि ओळींचा मूळ क्रमहि टिकतो, हा सॉर्ट-युनिकवर मोठाच वरचष्मा होता. मात्र ओळी येतांयेतां न छापतां नांवें कोष्टकांत भरून मग बाहेर काढूं गेलें तर तीं खणांच्या क्रमानें, म्हणजे वाटेल त्या क्रमानें, निघत. यादीचा क्रम राखावा कीं काम झटपट करावें, असा पेंच लेखकापुढें पुष्कळ वर्षें राहिला.

खणांच्या या व्यवस्थेंत एक दुष्टपणाची जागाहि होती. एखाद्यानें मुद्दाम हजारों नांवें अशीं बनवून पाठविलीं कीं त्या सर्वांचें गणित एकाच खणाकडे नेईल, तर कारकुनाला प्रत्येक वेळीं सबंध ढीग उपसावा लागतो व कचेरी ठप्प होते. स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनीं २००३ मध्यें हें उघड करून दाखविलें. पर्लनें त्याच वर्षीं गणितांत दर वेळीं एक गुप्त आंकडा मिसळण्याची सोय केली. इतर पुष्कळ भाषा मात्र निजून राहिल्या. २०११ च्या डिसेंबरांत हाच हल्ला पुन्हां जाहीर सभेंत दाखविण्यांत आला, तेव्हां कोठें त्यांची धांवपळ झाली. पायथननें २०१२ पासून ती सोय कायमची चालू केली. आठ वर्षें सर्वांसमोर असलेला इशारा कोणी वाचला नाहीं, याचें नवल वाटतें.

गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थांची पायथन भाषा १९९१ पासूनची. तींत यादींतील दुबार गोष्टी कशा काढाव्या याचें टिम पीटर्स यांनीं २००१ च्या सुमारास दिलेलें उत्तर मोठें मार्मिक आहे, कारण वर सांगितलेला सारा इतिहास त्यांत उलट्या क्रमानें आला आहे. यादींतील वस्तूंना हॅशचे खण लावतां येत असतील तर तसें करावें. तें जमत नसेल तर यादी क्रमानें लावून शेजारी पाहावे. तेंहि जमत नसेल तर, नाइलाजानें, प्रत्येकाशीं प्रत्येक ताडून पाहावा. पीटर्स यांनींच २००२ मध्यें पायथनसाठीं क्रम लावण्याची नवी रीत रचली व ती ‘टिमसॉर्ट’ म्हणून प्रसिद्धि पावली. तिचा आधार एका साध्या निरीक्षणावर आहे. प्रत्यक्ष व्यवहारांतल्या याद्या कधीं पूर्ण विस्कळित नसतात. त्यांत क्रमानें लागलेले तुकडे आधींच असतात. ते तुकडे हुडकावे, आणि फॉन नॉयमन यांच्या रीतीनें एकमेकांत मिळवावे. ही रीत स्थिरहि आहे. यादी आधीं नांवांप्रमाणें लावून मग गांवांप्रमाणें लावली तर प्रत्येक गांवांतील नांवांचा क्रम मोडत नाहीं. हॉलेरिथच्या वारसदार यंत्रांचा तोच जुना गुण.

टिमसॉर्ट पुढें जावा भाषेंत व अँड्रॉइडच्या दूरध्वनींतहि गेली, आणि अब्जावधि वेळां चालली. २०१५ मध्यें स्टाइन डी गाऊ व त्यांचे सहकारी ही रीत निर्दोष असल्याचें गणिती पद्धतीनें सिद्ध करावयास बसले, तों सिद्धता मिळेना. कारण शोधतां चूक सांपडली. जुळवावयाचे तुकडे रचून ठेवतांना त्यांच्या लांबीविषयीं जो नियम पाळला जातो असें सर्वांनीं धरलें होतें, तो क्वचित् मोडत होता. जावामध्यें त्यासाठीं राखलेली जागा त्यामुळें अपुरी पडून आज्ञावली बंद पडूं शकत होती. पायथनमध्यें ती जागा ऐसपैस असल्यानें प्रत्यक्ष बिघाड संभवत नव्हता, तरी दुरुस्ती तेथेंहि झाली. तुकडे कोणत्या क्रमानें मिळवावे याची इयान मन्रो व सेबास्टियन वाइल्ड यांची २०१८ ची अधिक काटेकोर रीत २०२२ पासून पायथनमध्यें आहे.

क्रम कीं वेग, हा पेंचहि पायथनमध्यें सुटला, आणि तो जवळजवळ सहजगत्या. रेमंड हेटिंगर यांनीं २०१२ मध्यें कोष्टकाची जागा वांचविण्यासाठीं एक सूचना केली. नांवें खणांत टाकूंच नयेत. तीं कचेरींतील आवक-बारनिशींत आल्या क्रमानें उतरावीं, आणि खणांत केवळ बारनिशींतील ओळीचा क्रमांक ठेवावा. उद्देश काटकसरीचा होता. पण बारनिशी वरून खालीं वाचली कीं मूळ क्रम आपोआप मिळतो! ही रचना २०१६ मध्यें पायथनमध्यें आली, व २०१८ पासून क्रम राखणें हा भाषेचा नियमच झाला. तेव्हांपासून यादींतील दुबार नांवें मूळ क्रम राखून काढणें हें तेथें एका आज्ञेचें काम आहे.

यंत्राची बाजू येथें संपते. दोन गोष्टी ‘सारख्या’ केव्हां म्हणावयाच्या, हें ठरवणें मात्र यंत्राचें काम नव्हे. जावास्क्रिप्ट या भाषेला १, २, १०, १०० हे आंकडे विशेष सूचना न देतां क्रमानें लावावयास सांगितले तर ती १, १०, १००, २ असें उत्तर देते. कारण ती आंकड्यांना संख्या न समजतां अक्षरें समजते. हें हंसण्यावारी नेतां येतें. अमेरिकेंत घडलें तें तसें नव्हतें. कॅन्सस व आणखी तीन राज्यांनीं २००५ मध्यें ‘क्रॉसचेक’ नांवाची योजना काढली, व तींत पुढें वीसांहून अधिक राज्यें आलीं. दोन राज्यांच्या मतदारयाद्या एकत्र करावयाच्या आणि नांव, आडनांव व जन्मतारीख सारखी असेल तो मतदार दुबार असण्याचा संभव आहे असें कळवावयाचें. ऐकावयास हें वाजवी वाटतें. पण कोणत्याहि तेवीस माणसांत दोघांचा जन्मदिवस एक असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो, हें गणित शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. मग कोट्यवधि मतदारांत एकाच नांवाचीं, एकाच तारखेस जन्मलेलीं निरनिराळीं माणसें किती असतील? शरद गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असा हिशेब निघाला कीं, या योजनेनें सुचविलेल्या एका रीतीनें नांवें खोडलीं असतीं तर एक दुबार मत टाळण्यासाठीं सुमारें तीनशें खऱ्या मतांस बाध आला असता. २०१९ मध्यें ही योजना न्यायालयांतील तडजोडीनें स्थगित झाली.

मराठी यादींत याच्या उलट अडचण येते. यंत्रांत प्रत्येक अक्षराला युनिकोड या जागतिक संकेताप्रमाणें क्रमांक दिलेला असतो, व निराळें कांहीं सांगितलें नाहीं तर यंत्र त्या क्रमांकांवरून क्रम लावतें. त्या संकेतांत ‘ळ’ हें अक्षर ‘ल’च्या मागोमाग, ‘व’च्या आधीं आहे, मराठी वर्णमालेंत तें ‘ह’नंतर येतें. म्हणून यंत्राच्या यादींत ‘काळे’ आधीं व ‘कावळे’ नंतर, आणि वर्णमालेंत शेवटीं बसणारे ‘क्षीरसागर’ ककारांच्या गर्दींत. हें क्रमाचें झालें. पुनरुक्तीचें त्याहून बिकट आहे. ‘कऱ्हाडे’ या आडनांवांतील अर्धा र यंत्रांत तीन प्रकारें उमटवितां येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, साध्या ‘र’ला नुक्ता देऊन त्याचा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. कागदावर तिन्ही एकच दिसतात. पहिले दोन एकरूप मानावे असा युनिकोडचाच नियम असून पायथनमध्यें त्यासाठीं तयार साधन आहे. तिसऱ्यासाठीं मात्र लेखकाला स्वतःचा नियम लिहावा लागतो. ‘ॲ’ची स्थिति तशीच. हें अक्षर युनिकोडमध्यें २००८ सालीं आलें. त्यापूर्वीं तें ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलें जाई, आणि त्या जुन्या याद्या अजून वापरांत आहेत. हीं रूपें आधीं एक करून घेतलीं नाहींत तर एकाच कऱ्हाड्यांच्या घरीं तीन पत्रिका जातात. दादरच्या व पुण्याच्या जोश्यांसाठीं मात्र यादींत पत्त्याचा निराळा रकानाच पाहिजे.